मॉन्स्टर हंटर वर्ल्ड: सुरुवातीचं मत, आणि अंजानाथवर अडकलेली गाडी

कोपरी_पूर्व

मंडळी, पीसीवर मॉन्स्टर हंटर वर्ल्ड हा अवाढव्य प्राण्यांच्या शिकारीचा गेम आइसबोर्न या विस्तारासकट सुरू केला आहे, साधारण बारा तास झाले. जंगल अप्रतिम बनवलंय. प्राणी आपल्यासाठी थांबून राहत नाहीत, एकमेकांशी भांडतात, दमतात, झोपायला घरट्यात जातात. ते सगळं आवडलं. लढाईबद्दल मात्र अजून मत बनत नाही. ग्रेट सोर्ड, म्हणजे अवजड मोठी तलवार, घेतलीये. बटण दाबलं की तलवार उठायलाच वेळ लागतो, तोवर प्राणी भलतीकडे गेलेला असतो. ग्रेट जाग्रास, कुलू-या-कू, पुकेई-पुकेई, बॅरॉथ, ज्युराटोडस, तोबी-कदाची झाले. अंजानाथ होत नाही. तीन वेळा प्रयत्न, तिन्ही वेळा तीन-तीनदा कार्ट (जीव संपून तळावर परत; तीनदा झालं की शिकार फसते).

विचारायचंय ते असं: शस्त्र बदलू का? पेटीत फुकट आलेली डिफेंडरची शस्त्रं आणि गार्डियनचं चिलखत वापरावं का? वाशीच्या मित्रासोबत मुख्य क्वेस्ट लावली की त्याला आत येता येत नाही, ते का? आणि लॅपटॉप १६५० ग्राफिक्स कार्डाचा आहे, ४ जीबीचा. जंगलात फ्रेम्स फार पडतात.

उपवन_तळं

शस्त्र बदलू नकोस, आधी ते म्यान करायला शिक. ग्रेट सोर्ड नवीन घेतलेल्यांची नव्वद टक्के अडचण हीच असते. तलवार हातात असताना चाल अगदी मंद असते, धावता येत नाही. म्हणून हे शस्त्र म्यान करूनच वागवायचं: पळत जायचं, प्राण्याचा एक वार संपला की धावता धावता कंट्रोलरवरचं वाय दाबून वरून एक घाव घालायचा, लगेच रोल (कोलांटी), आणि पुन्हा म्यान. एवढंच. तीन-चार वार सलग मारायचा मोह झाला की समज, कार्ट होणार. बटण दाबल्यावर वार मागे घेता येत नाही, त्यामुळे दाबायच्या आधी 'आत्ता प्राणी काय करणार आहे' हे ठाऊक असायला हवं. तुला हा मंदपणा दोष वाटतोय, पण सगळा खेळ त्यावरच बेतलेला आहे. वेगवान ड्युअल ब्लेड्स घेतल्यास तरी दुसऱ्या वाराच्या मध्येच अडकशील.

हे जमलं की चार्ज शिकून घे. वाय धरून ठेवला की तीन पातळ्यांपर्यंत ताकद भरते; शरीर चमकतं त्यावरून पातळी कळते. तिसऱ्या पातळीनंतरही धरून ठेवलंस तर ताकद उलट घटते. चार्ज भरत असताना बी दाबलास की खांद्याची धडक, म्हणजे टॅकल. टॅकलच्या वेळी मार कमी लागतो आणि तू उडून पडत नाहीस. त्यातून थेट पुढच्या, अधिक जोरदार चार्जमध्ये जाता येतं. पुन्हा टॅकल केलीस की ट्रू चार्ज्ड स्लॅश, हा या शस्त्राचा सगळ्यात मोठा घाव. पण अंजानाथसाठी त्याची गरज नाही. तो फक्त प्राणी आडवा पडला असेल किंवा वेलींत अडकला असेल तेव्हा वापर.

आता अंजानाथ. तो समोरच्याला मारतो. चावा समोर, आगीचा झोत समोर. शेपटीचा फटका मागे. म्हणून थेट नाकासमोर आणि थेट शेपटीमागे उभं राहायचं नाही. मागच्या पायाच्या तिरक्या बाजूला राहा. चावे एकामागून एक येतात, ते संपेपर्यंत नुसता बघ. मालिका संपली की डोकं खाली असतं, तिथे एक घाव. चिडला की नाक उघडतं आणि पाठीवरचे पंखे वर येतात. तोंडात जाळ दिसायला लागला की अंतर ठेव, म्यान कर, बाजूला धाव. झोत टाकून झाल्यावर तो बराच वेळ स्थिर असतो, आणि अख्ख्या लढाईत याहून चांगली संधी मिळत नाही.

अंगाला आग लागली तर दोन-तीन रोल घेतले की विझते, पाण्यात शिरलास तरी विझते, नाहीतर नलबेरी खा. आगीत उभं राहून पोशन (जीव भरणारं औषध) पिणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

एक युक्ती गेममध्ये नीट सांगितलेली नाही. शस्त्र म्यान आहे, प्राण्याने तुला पाहिलं आहे आणि तू त्याच्याकडे पाठ करून जोरात धावतो आहेस, अशा वेळी ए दाबलंस तर साधा रोल न होता लांब सूर मारतो. त्या सुरात मार लागत नाही. झोतासाठी आणि धडकेसाठी हाच उपाय.

घणसोली_सेक्टर७

वरचं सगळं बरोबर आहे, पण तीन-तीन कार्ट होताहेत म्हणजे आकड्यांचंही काहीतरी चुकतंय.

चिलखत बघ. मार किती लागतो त्याचं गणित साधं आहे: ८० भागिले (८० अधिक तुझा डिफेन्स). डिफेन्स ६० असेल तर १०० चा फटका ५७ होतो, डिफेन्स १०० केला तर तोच फटका ४४. तुझा जीव १०० आहे. ५७ चे दोन फटके बसले की संपलास. जेवून जीव १५० वर नेला आणि डिफेन्स १०० केला तर तेच तीन फटके खाऊनही १८ उरतात. फरक आहे तो इतका. आर्मर स्फिअर (चिलखत मजबूत करणारे गोळे) साठवून ठेवायची वस्तू नाही, लोहाराकडे जाऊन पाचही भागांवर खर्च कर. रिसोर्स सेंटरमध्ये बाउंटी (छोटी कामं) लावून ठेवल्या की परत मिळतात.

जेवणाशिवाय क्वेस्टला निघायचंच नाही. कार्ट झालास की जेवणाने वाढलेला जीव जातो, आणि बरेच जण तसेच अर्ध्या जीवाने परत पळत जातात. दुसरं कार्ट त्यामुळेच होतं. तंबूतही जेवता येतं, फक्त दोन जेवणांमध्ये दहा मिनिटं जावी लागतात. तेवढा वेळ थांब. एकूण ५० मिनिटं आहेत, घाई कशाची?

तंबूत वस्तूंची पेटीही असते, मधेच जाऊन पुन्हा भरून घेता येते. नेहमीचा संच असा: १० पोशन, १० मेगा पोशन, वर १० पोशन बनतील इतकी हर्ब आणि १० मध. पोशन अधिक मध म्हणजे मेगा पोशन, हे शिकारीच्या मध्येच बनवता येतं. डोळे दिपवणारे ३ फ्लॅश पॉड आणि ते बनवायला फ्लॅशबग, नलबेरी, आणि डंग पॉड. शेवटचं विसरू नकोस: त्याच जंगलात राथालोस फिरतो, तो मध्ये आला की त्याला शेणाचा गोळा मारून हाकलायचं. दोघांशी एकदम लढण्यात काही हशील नाही. हा संच पेटीत लोडआउट म्हणून साठवून ठेव, मग दर वेळी एका बटणात भरतो.

शस्त्राच्या आकड्यांना फसू नकोस. दाखवलेला हल्ल्याचा आकडा प्रत्येक शस्त्रासाठी वेगळ्या गुणकाने फुगवलेला असतो: ग्रेट सोर्ड ४.८, ड्युअल ब्लेड्स आणि सोर्ड अँड शील्ड १.४. म्हणजे ४८० ची ग्रेट सोर्ड आणि १४० च्या ड्युअल ब्लेड्स, दोन्हींची मूळ ताकद १०० च. धारेचा रंग मात्र खरा बघायचा असतो. पिवळ्यावर गुणक १, हिरव्यावर १.०५, निळ्यावर १.२, नारिंगीवर थेट ०.७५. पिवळ्यावर आलास की टणक भागावरून तलवार उसळते आणि तू उघडा पडतोस. धार लावायचा दगड संपत नाही, त्यामुळे प्राणी दुसऱ्या भागात पळाला की पाठलाग करण्याआधी धार लाव.

ज्युराटोडस मारला आहेस ना, मग त्याच्या भागांचं पाण्याचं शस्त्र मिळत असेल तर बघ. अंजानाथला पाणी सगळ्यात जास्त लागतं, त्याखालोखाल बर्फ. ग्रेट सोर्डमध्ये तत्त्वाचा (पाणी, बर्फ वगैरेंचा) फायदा कमी आणि ड्युअल ब्लेड्समध्ये खूप, एवढं लक्षात ठेव. ग्रेट सोर्डसाठी पाण्यापायी हल्ला किंवा धार सोडू नकोस.

वाशी_खाडीपूल

मित्र आत येत नाही त्याचं कारण चित्रफीत. मुख्य क्वेस्टमध्ये नवीन प्राण्याची चित्रफीत ज्याने पाहिली नाही त्याला दुसऱ्याच्या क्वेस्टमध्ये घेत नाहीत, आणि चित्रफीत होईपर्यंत क्वेस्ट इतरांसाठी उघडतही नाही. रीत अशी: दोघांनीही आपापली तीच क्वेस्ट वेगवेगळी लावायची, दोघांनी चित्रफीत बघायची, मग एकाने मेनूतून 'रिटर्न फ्रॉम क्वेस्ट' करून बाहेर यायचं आणि दुसऱ्याच्या क्वेस्टमध्ये शिरायचं. एकाच ऑनलाइन सेशनमध्ये असाल तर फलकावर दिसते, नाहीतर दुसऱ्याने एसओएस फ्लेअर (मदतीची हाक) सोडायचा.

दोघे असलात की प्राण्याचा जीव वाढतो, पण आइसबोर्ननंतर दोघांसाठी वेगळं प्रमाण आहे, चौघांइतका होत नाही. कार्ट मात्र सगळ्यांचे मिळून तीन. एका टीव्हीवर दोघांनी खेळायची सोय या गेममध्ये नाही, प्रत्येकाची स्वतंत्र प्रत हवी. हे आधीच सांगितलेलं बरं, बरेच जण विचारतात.

लॅपटॉपसाठी: ग्राफिक्समध्ये 'व्हॉल्यूम रेंडरिंग क्वालिटी' बंद कर. धुकं आणि हवेतला धूसरपणा जातो, चित्र उलट स्वच्छ दिसतं आणि इतर कुठल्याही एका सेटिंगपेक्षा जास्त फ्रेम्स परत मिळतात. त्यानंतर सावल्या मध्यम, स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन आणि सबसरफेस स्कॅटरिंग बंद. हाय रिझोल्यूशन टेक्श्चर पॅक वेगळा डाउनलोड होतो, ४ जीबी कार्डावर तो ठेवायचा नाही. एवढ्यानेही फ्रेम्स खालीवर होत असतील तर प्रोसेसर तापतोय. हा गेम प्रोसेसरला फार कामाला लावतो, आणि आपल्याकडे एसी नसलेल्या खोलीत मे-जूनमध्ये लॅपटॉप वेग कमी करणारच. ड्रायव्हरमधून ४५ फ्रेम्सची मर्यादा घाल. स्थिर ४५, मधेच ६० आणि मधेच २८ पेक्षा कधीही बरे, कारण रोलची वेळ हाताला बसते.

आणि पावसाळ्याआधी छोटा यूपीएस घे, राउटरही त्यावर लाव. शिकारीच्या मध्ये सेव्ह होत नाही. तिसाव्या मिनिटाला लाइट गेली तर सगळी शिकार गेली.

ढोकाळी_नाका

डिफेंडरच्या शस्त्रांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितोय. वापरू नकोस. ती आणि गार्डियनचं चिलखत आइसबोर्नपर्यंत लोकांना लवकर पोचवण्यासाठी दिली आहेत. त्यांनी अंजानाथ काही मिनिटांत पडेल, पुढचे बरेचसे प्राणीही पडतील, पण चावा कधी संपतो, मोकळी वेळ कोणती, हे काहीच शिकून होत नाही. मग मास्टर रँकमध्ये, म्हणजे आइसबोर्नच्या कठीण पातळीवर, ते चिलखत अपुरं पडतं आणि तिथे पहिल्याच प्राण्यांवर लोक अडकतात. शिवाय नवीन प्राणी मारून नवीन चिलखत बनवण्यात जी मजा आहे ती पूर्ण जाते. गेमचा अर्धा जीव त्या लोहाराच्या दुकानात आहे.

वाशी_खाडीपूल

यावर माझं थोडं वेगळं मत आहे. आठवड्याला चार-पाच तासच मिळत असतील तर गार्डियनचं चिलखत घालायला हरकत नाही, शस्त्र मात्र स्वतः बनवलेलं ठेवावं. मार कमी लागतो, त्यामुळे प्राण्यासमोर जास्त वेळ उभं राहता येतं, आणि शिकायला तोच वेळ हवा असतो. शस्त्र बलवान असलं की लढाई लवकर संपते, शिकायला वेळ उरत नाही. दोन्ही एकत्र वापरू नयेत, इतकंच.

ढोकाळी_नाका

हे पटलं. चिलखत ठीक, शस्त्र नको.

कोपरी_पूर्व

सगळ्यांचे आभार. डिफेन्स बघितला, ६२ होता, स्फिअर पडूनच होते. व्हॉल्यूम रेंडरिंग बंद केल्यावर जंगल पहिल्यांदाच नीट चाललं. आता दोनच प्रश्न. आइसबोर्नचा तो क्लच क्लॉ (प्राण्याला लटकायचा आकडा) अंजानाथवर उपयोगी आहे का? आणि मारण्यापेक्षा पकडलेला बरा का?

उपवन_तळं

क्लॉ आहे, पण एकाच कामासाठी वापर. प्राणी चिडलेला नसताना डोक्याला लटकायचं, भिंत समोर नसेल तर बी दाबून त्याचं तोंड भिंतीकडे वळवायचं, मग आरटी दाबून स्लिंगरमधला (मनगटावरच्या गोफणीतला) सगळा दारूगोळा एकदम सोडायचा. तो भिंतीवर आपटतो आणि आडवा पडतो. तेव्हा ट्रू चार्ज्ड स्लॅश डोक्यावर. दोन अटी: स्लिंगरमध्ये काहीतरी भरलेलं हवं, साधे दगडही चालतात, आणि तो चिडलेला नसावा. चिडलेला असताना लटकलास तर झटकून टाकेल, पाठोपाठ चावा. लटकून वाय दाबून केलेला वार तो भाग मऊ करतो, ग्रेट सोर्डला एकाच वारात, पण या टप्प्यावर त्याच्यामागे लागू नकोस.

घणसोली_सेक्टर७

पकड. लढाई लवकर संपते आणि शेवटच्या टप्प्यातला कार्ट वाचतो. शॉक ट्रॅप म्हणजे ट्रॅप टूल अधिक थंडरबग. पिटफॉल ट्रॅप म्हणजे ट्रॅप टूल अधिक जाळं. ट्रँक बॉम्ब (गुंगीचा गोळा) म्हणजे स्लीप हर्ब अधिक पॅराश्रूम, पकडायला दोन लागतात, तीन-चार जवळ ठेव. अंजानाथ लंगडायला लागला किंवा नकाशावर त्याच्या चिन्हाजवळ कवटी दिसली की तो घरट्याकडे जातो. झोपू दे. झोपेत असताना पायाशी सापळा लाव, दोन बॉम्ब टाक, क्वेस्ट तिथेच संपते. त्याआधी सापळा वाया घालवू नकोस, लंगडण्याआधी अडकला तर सुटून जातो आणि बॉम्बही फुकट जातात.

शेपटी हवी असेल तर ती आधीच तोडून घे, खाली पडली की वेगळी कापायची असते. पकडल्यावर क्वेस्ट लगेच संपते, तेव्हा त्यासाठी थांबायला मिळत नाही.