मदत हवी आहे: लिसनिंग सहाच्या वर सरकत नाही

खानापूरची_लेक
इंग्रजीच्या परीक्षेत परत ९ पैकी सहाच आले. बाकी तिन्हीत (रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग) पाहिजे तेवढे मिळाले, लिसनिंगलाच गाडी अडकते. रोज ऐकतेय, फरक शून्य. लवकर परत द्यायची आहे. कुणीतरी खात्रीचा उपाय सांगा, प्लीज. ‘इंग्रजी पिक्चर बघा’ हे सोडून काहीही चालेल.

निपाणीकर
परदेशी जायला लागते ती आयईएलटीएसच ना? कागदावर दिलीत की कंप्युटरवर? किती पाहिजेत? लिसनिंगच्या चारपैकी कुठल्या पार्टमध्ये गुण जातात?

बेळगावी_कुंदा
ताई, सरळ पीटीई द्या, ती पण इंग्रजीचीच परीक्षा. माझ्या भावाचं त्यातच काम झालं.

टिळकवाडी_कट्टा
कुंदा, पीटीईतलं लिसनिंग सोपं कुणी सांगितलं? तिथं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं टाइप करायला लागतं. एकापेक्षा जास्त उत्तरं निवडायच्या प्रश्नात चुकीच्या पर्यायावर टिक केली तर गुण कापतात. परीक्षा बदलली तरी ऐकायचं चुकत नाही की ओ.

खानापूरची_लेक
आयईएलटीएसच, अजून कुठली. त्यातली अ‍ॅकॅडमिक. ७ पाहिजेत.

चिकोडी_रोड
त्यातलाच जनरल प्रकार द्या, लिसनिंग सोपं पडेल.

निपाणीकर
चिकोडी, उगाच काहीही सांगू नका. लिसनिंग दोन्हीकडं एकच असतं, रीडिंग आणि रायटिंग वेगळं. ताई, बाकीच्या प्रश्नांची उत्तरं राहिली.

शहापूरचे_मास्तर
मुली, माझा अनुभव ऐक. मिनिटभराचं इंग्रजी लाव, थांबवत थांबवत शब्दन् शब्द लिहून काढ आणि छापील मजकुराशी ताडून बघ. शाळेत हेच करून घेत होतो. परीक्षेत आधी प्रश्नपत्रिकेवरच लिही, शेवटच्या १० मिनिटांत उत्तरपत्रिकेत उतरव.

टिळकवाडी_कट्टा
सर, ती १० मिनिटं कागदावरच्या परीक्षेत. कंप्युटरवर शेवटी तपासायला २ मिनिटंच मिळतात. उतरवू म्हणून थांबली तर हातचं जाईल.

चिकोडी_रोड
मुळात मराठी माध्यमात शिकलं की हेच होणार. आमच्या भागात घरात मराठी, बाजारात कन्नड, इंग्रजी कानावर पडतं कधी?

गोवावेस_नाका
मी मराठी माध्यमाचीच, तालुक्याच्या शाळेतली. साडेसात आले. माध्यमाला बोल लावू नका.

चिकोडी_रोड
तुमचं एकीचं झालं म्हणून सगळ्यांचं होतं काय? आणि दुकानांवरच्या मराठी-कन्नड पाट्यांचं काय चाललंय बघा आता…

निपाणीकर
पाट्यांना वेगळा धागा आहे, तिथं या. इथं एका मुलीचं काम अडलंय.

खानापूरची_लेक
सगळे आपापलंच सांगूलालेत. बरं, घ्या. कंप्युटरवर दिली. सराव पेपरात ४० पैकी २४-२५ येतात. पार्ट २ आणि ३ बरे जातात, पार्ट १ आणि ४ मध्ये जातं. कालच्या पेपरातल्या चुका: ५० च्या जागी १५ लिहिलं. ट्यूझडे लिहिलं, उत्तर थर्सडे होतं. अकोमोडेशनमध्ये एकच एम लिहिला. ‘एकच शब्द’ म्हटलेलं असताना ‘द गार्डन’ लिहिलं. पार्ट ४ मध्ये एक उत्तर सुटलं की पुढची दोन-तीन जातातच.

निपाणीकर
हे आधी टाकलं असतं तर कालच सुटलं असतं! या चुकांत इंग्रजी कळलं नाही अशी एकही दिसत नाही. सात गुण म्हणजे ४० पैकी साधारण ३० बरोबर, तुम्हाला पाच-सहाच हवेत.

ट्यूझडेचं बघा. बोलणारा आधी ट्यूझडे म्हणतो, मग ‘नो, सॉरी’ म्हणून थर्सडे. पार्ट १ मध्ये हे मुद्दाम पेरलेलं असतं. पहिला वार ऐकल्यावर लगेच लिहून मोकळं व्हायचं नाही, वाक्य संपेपर्यंत कान तिथंच. फिफ्टीनमध्ये जोर शेवटी असतो, फिफ्टीत सुरुवातीला. ‘द’ जोडला की शब्द दोन झाले, उत्तर गेलं. स्पेलिंग ब्रिटिश असो वा अमेरिकन, दोन्ही चालतं, पण एम दोन पाहिजेतच.

पार्ट ४ मध्ये मध्ये थांबा नसतो, सलग लेक्चर. उत्तरं मात्र प्रश्नांच्याच क्रमानं येतात. म्हणून एका वेळी दोन प्रश्नांवर नजर ठेवा, हा आणि पुढचा. पुढच्यातला शब्द ऐकू आला की मागचं गेलं समजा आणि सोडून द्या. चुकलेल्याला गुण कापत नाहीत, नंतर अंदाजानं काहीतरी भरा.

गोवावेस_नाका
आकड्यांचं माझंही असंच होतं. फॉर्टीफाईव्ह ऐकून मनात पंचेचाळीस म्हणायचं, मग लिहायचं. मराठीत पाच आधी येतो, तिथंच उलटापालट. मी सरळ इंग्रजीतच टाइप करायची सवय लावली. फोन नंबरमध्ये डबल आणि शून्याला ‘ओ’ म्हणतात, तेही कानात बसवा.

शहापूरचे_मास्तर
म्हणूनच शब्दन् शब्द लिहायला सांगतोय.

निपाणीकर
सर, स्पेलिंगसाठी ते उत्तम. पण सोडून पुढं जाणं हिला जमत नाही. थांबवत ऐकून ते कसं जमणार? परीक्षेत ऑडिओ एकदाच वाजतो.

कॅम्प_सिस्टर
नर्स आहात का? यूकेच्या एनएमसीसाठी, म्हणजे तिथल्या नर्सेसच्या नोंदणी संस्थेसाठी असेल तर ओईटी बघा, ती आरोग्य क्षेत्रातल्यांची इंग्रजी परीक्षा. लिसनिंगला ५०० पैकी ३५० लागतात. पार्ट ए मध्ये पेशंटचं बोलणं ऐकून नोंदी भरायच्या, आपल्या रोजच्या कामातलेच शब्द.

खानापूरची_लेक
हो, नर्सच. यूकेसाठीच. पण बाकी तिन्ही आयईएलटीएसचे निघालेत, ते टाकून देऊ?

कॅम्प_सिस्टर
मग टाकू नका. कंप्युटरवर दिलेल्यांना एकच विषय परत देता येतो, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत. पैसे भरायच्या आधी एनएमसी तो निकाल धरते का, त्यांच्या साइटवर बघा.

बेळगावी_कुंदा
परदेशी जायला बँकेचं कर्ज कुठं लवकर मिळतं, कुणाला माहितीय?

खानापूरची_लेक
हे कुणीच सांगितलं नव्हतं, क्लासवाल्यांनीसुद्धा! साइट बघते. आज ड्युटीवरून आल्यावर एक पार्ट ४ न थांबवता करते, चुका उद्या इथं टाकते.

निपाणीकर
टाका. प्रत्येक चुकीखाली ऑडिओतली ती ओळही लिहा.