ग्रिफनला मराठीत काय म्हणावं?

नादखुळा, दादर: ग्रिफन या ब्रिटिश बँडवर मराठीत टिपण लिहितोय. १९७४ मध्ये ‘येस’सारख्या बड्या बँडबरोबर अमेरिकेचा दौरा करूनही हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं, याचं मला वाईट वाटतं. रिचर्ड हार्वे आणि ब्रायन गलंड लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकलेले. गिटार-ड्रमच्या जोडीला त्यांनी रेकॉर्डर आणि क्रमहॉर्न ही जुनी सुषिरवाद्यं आणली. बँडचं नाव तसंच ठेवणार, पण त्या नावाच्या दंतकथेतल्या प्राण्याला मराठी शब्द हवा. धड सिंहाचं, डोकं आणि पंख गरुडाचे. मी ‘शरभ’ लिहिलंय. चालेल?

किल्लेवेडा: कृपा करून नको. शरभ आपला आहे, त्याची स्वतःची कथा आहे. नरसिंहाला आवरायला शंकराने घेतलेलं ते रूप. पुराणांत त्याला आठ पाय. शिवनेरीच्या दरवाज्यांवर बघा, तोंड सिंहाचंच, चोच नाही. गंडभेरुंडही नाही, तो दोन डोक्यांचा पक्षी.

मंदिरशिल्पात मात्र जवळचा शब्द सापडतो: व्याल. ‘अपराजितपृच्छा’ या शिल्पग्रंथात व्यालांचे सोळा प्रकार दिलेत. धड सिंहाचं, तोंड बदलतं. हत्तीचं असेल तर गजव्याल, पोपटाचं असेल तर शुकव्याल. चोच असलेला सिंह म्हणून शुकव्याल ग्रिफनच्या सगळ्यांत जवळचा. अडचण इतकीच की मराठी वाचकाला ‘व्याळ’ म्हटलं की जुन्या कवितेतला साप आठवतो.

फोर्टवाला: आमच्याकडे अग्यारीच्या दाराशी पंखवाले प्राणी आहेत, ते ग्रिफनच ना?

किल्लेवेडा: नाही, ते लामासू. अंग बैलाचं आणि चेहरा दाढीवाल्या माणसाचा.

पानसुपारी: उच्चारही सांभाळा. हिमालयात दिसतं ते ग्रिफॉन गिधाड. बातम्यांत त्याचं ‘ग्रिफिन’ होतं आणि खरा पक्षी दंतकथेत जातो. आणखी एक अर्थ मुंबईशी जवळचा आहे. कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानात नव्याने उतरलेल्या, इथल्या रीतीभाती न कळणाऱ्या गोऱ्याला ‘ग्रिफिन’ म्हणत. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ही नोंद आहे.

शब्दाचं मूळ ग्रीक ‘ग्रूप्स’. त्याच्या शेजारी ‘ग्रूपोस’ ठेवा, म्हणजे बाकदार. चोचीचा बाक! आणि क्रमहॉर्न या जर्मन नावाचा अर्थ ‘वाकडं शिंग’. बाकदार चोचीचं नाव आणि हातात वाकडं शिंग. टिपणात हे नक्की घ्या.

नादखुळा: घेतोच! शरभ खोडला. पहिल्यांदा ‘गरुडमुखी सिंह’, पुढे सगळीकडे ग्रिफन. आता १९७४ च्या ‘रेड क्वीन टू ग्रिफन थ्री’ या अल्बमचं काय करू? नाव बुद्धिबळातल्या चालीसारखं आहे.

पानसुपारी: मग ‘लाल राणी’ लिहू नका. आपल्या पटावर क्वीनला वजीर म्हणतात. जुन्या इंग्रजी पद्धतीत ‘क्वीन टू नाइट थ्री’ म्हणजे घोड्याच्या पट्टीतलं तिसरं घर. इथे घोड्याच्या जागी ग्रिफन बसलाय. नाव मूळचंच ठेवा आणि खाली अर्थ द्या: लाल वजीर, ग्रिफनच्या तिसऱ्या घरात.