डायमंड हेड आणि पाच डॉलरचं रडगाणं

दुर्गवेडा: परवा इथेच कुणीतरी लिहिलं, "होनोलुलूचं डायमंड हेड म्हणजे शुद्ध लूट. तिथल्यांना फुकट, आपल्याला पाच डॉलर आणि वर आगाऊ नोंदणी. याला ट्रेक म्हणणाऱ्यांनी कळसूबाई पाहिलेलं नसावं." डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. डायमंड हेड म्हणजे हवाई बेटांवरच्या होनोलुलू शहरालगतचा जुन्या ज्वालामुखीचा डोंगर. वाट एका बाजूने जेमतेम १.३ किलोमीटर, माथा २३२ मीटरवर. कबूल. पण ती १९०८ मध्ये लष्कराने तोफखान्याच्या टेहळणीसाठी काढली, फिरायला येणाऱ्यांसाठी नव्हे. नागमोडी वळणं, अंधारा बोगदा, मग नाकासमोर ९९ पायऱ्या. आमची आई बोगद्याआधीच बसली. म्हणाली, "तू जा, मी येणारी-जाणारी माणसं मोजते." परत आलो तर मोजायचं सोडून दिलेलं. ती गर्दी बघा आणि मग नोंदणीवर बोला.

शंकेखोर: ते परवाचं मीच लिहिलं होतं. चौघांचे वीस, गाडी लावायचे दहा. तीस डॉलर देऊन पायऱ्या चढायच्या?

होनोलुलूची_सून: ताजमहालला आपण ५० रुपये देतो, परदेशी माणूस ११००. तेव्हा कुठे होतात? मे २०२२ मध्ये नोंदणी सुरू झाली, त्याआधी सुट्टीच्या सकाळी आम्हाला स्वतःच्या गल्लीतून गाडी काढता यायची नाही. आणि कृपा करून डायमंड हेड नाही, लेआही म्हणा. त्या डोंगराचं तेच खरं, हवाईयन नाव.

शंकेखोर: आता नावावर आलात! पाटीवर काय लिहिलंय?

होनोलुलूची_सून: खलाशांना कॅल्साइट या खनिजाचे चमकणारे खडे दिसले, त्यांना वाटलं हिरे. त्या फसगतीचं नाव दोनशे वर्षं चालतंय. कड्याचा आकार आही, म्हणजे ट्यूना माशाच्या कल्ल्यासारखा... चुकलं, पाठीवरच्या पंखासारखा, म्हणून लेआही.

घाटमाथा: आपण कोणत्या तोंडाने बोलतोय? महाबळेश्वरला सिंदोळा किती जण म्हणतात? विल्सन पॉइंट. मढीमहालाचं आर्थर सीट. माथेरानच्या पॉइंटांची नावंही कितीतरी साहेबांचीच.

शंकेखोर: घोडेवाल्याला सिंदोळा विचारून बघा, तो तुम्हाला बाजारात नेऊन सोडेल.

घाटमाथा: कारण तुमच्यासारखे पर्यटक! माझे आजोबा मरेपर्यंत सिंदोळाच म्हणायचे.

शंकेखोर: आजोबांना मध्ये आणू नका. वैयक्तिक होऊ नका.

घाटमाथा: माझे आजोबा, मी आणीन.

दगडफोड्या: भांडण चालू द्या, पण वर कळसूबाईशी तुलना आलीय म्हणून. कळसूबाई म्हणजे थरावर थर पसरलेल्या लाव्हाचा बेसॉल्ट. लेआही एका स्फोटाची राख, समुद्राचं पाणी तापलेल्या शिलारसाला भिडून उडालेली. ती दाबून घट्ट झालेली आहे, तरी ठिसूळच. वाट सोडून शॉर्टकट मारला की कडा झिजतो. तरुण पोरं रेलिंग ओलांडून फोटो काढताना मी स्वतः पाहिलीत, दोघं मराठीत ओरडत होती.

दुर्गवेडा: घोषणा देत होती का?

दगडफोड्या: विचारू नका.

शंकेखोर: बरं बाबा, राख वाचवायला पाच डॉलर. दिले. पण ट्रेक मी म्हणणार नाही.

होनोलुलूची_सून: नका म्हणू. लेआही म्हणा.

शंकेखोर: डायमंड हेड.