चिपीहून देवगडकडे उडताना माडांची लुकलुक आणि वळताना बसणारे हिसके: काय बदलू?

माडाखाली
मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० (एमएसएफएस). रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅमची एकच पट्टी, १०८०पी ६० हर्ट्झ मॉनिटर. सेस्ना १७२ विमान, चिपी विमानतळावरून समुद्राकडे उड्डाण, उजवीकडे वळून मालवण, सिंधुदुर्ग किल्ला आणि पुढे देवगड.

त्रास दोन आहेत. किनाऱ्यावरचे माड आणि कौलारू छपरं लांबून सतत लुकलुकतात, मुंग्या फिरत असल्यासारखी. आणि सरळ जाताना ठीक, पण वळलं की चित्र हिसके देतं. सेकंदाला फ्रेम ३८ ते ५२ मध्ये खालीवर.

सेटिंग: सगळं अल्ट्रा, टेरेन एलओडी (जमिनीचा तपशील किती लांबपर्यंत दाखवायचा) २००, डीएलएसएस (कमी पिक्सेलमध्ये चित्र काढून मोठं करणं) क्वालिटी, शार्पनिंग पूर्ण, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या ठोक्याशी जुळवणं) बंद. एका व्हिडिओत बघून एनव्हिडियाच्या पॅनलमधूनही शार्पनिंग आणि एफएक्सएए (कडा गुळगुळीत करणारं) लावलंय. कार्ड बदलावं लागेल का?

कौलारू
कार्डाला हात लावू नका. ही दोन वेगळी दुखणी आहेत, औषधंही वेगळी. मी लुकलुकीपुरतं लिहितो.

आधी हिशोब बघा. समोरचं दृश्य आडवं ६० अंशांचं धरलं, तर १९२० पिक्सेलमध्ये २ किलोमीटरवर एका पिक्सेलच्या वाट्याला साधारण १.१ मीटर रुंदी येते. माडाचा बुंधा ३० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम पाव पिक्सेल. विमान केसभर सरकलं की तोच पिक्सेल एकदा बुंध्याचा रंग घेतो, पुढच्या फ्रेमला मागच्या वाळूचा. झावळ्यांचं आणखी वाईट. त्या म्हणजे सपाट चित्राला पाडलेली भोकं, त्यामुळे नुसत्या कडा गुळगुळीत करणारं एमएसएए तिथे फारसं कामाला येत नाही. मागच्या फ्रेमची माहिती मिसळणारं टीएए किंवा डीएलएएच लागतं.

आता तुमचं डीएलएसएस क्वालिटी. १०८०पीवर ते आतून १२८० बाय ७२० मध्ये चित्र काढतं, म्हणजे तोच पिक्सेल १.६ मीटरचा झाला. वर पूर्ण शार्पनिंग. शार्पनिंग करतं काय, तर शेजारच्या पिक्सेलमधला फरक वाढवतं. लुकलुक म्हणजे तोच फरक. तुम्ही जखमेवर मीठ चोळताय, तेही दोनदा, एकदा गेममध्ये आणि एकदा पॅनलमध्ये.

तेव्हा या क्रमाने करा. पॅनलमधलं शार्पनिंग आणि एफएक्सएए बंद. पॅनलमधल्या अँटी-अलायझिंगला (कडा गुळगुळीत करण्याला) हात न लावता ते ॲप्लिकेशनवर सोडा, कारण बाहेरून लादलेलं एमएसएएसारखं अँटी-अलायझिंग या सिम्युलेटरवर चालतच नाही. गेममध्ये डीएलएसएसच्या जागी टीएए, रेंडर स्केलिंग (मॉनिटरच्या किती टक्के रिझोल्यूशनला चित्र काढायचं) १००. अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६एक्स. टेक्सचर सुपरसॅम्पलिंग ८ बाय ८. धावपट्टीचे पट्टे आणि शेताचे बांध यानेच शांत होतात. शार्पनिंग शून्यावर आणा आणि अगदीच धूसर वाटलं तर थोडंथोडं वाढवा.

एवढं करून कार्ड ८० टक्क्यांच्या खाली चालत असेल तर रेंडर स्केलिंग १२० करा. हा आकडा रुंदी आणि उंची दोन्हींना लागतो, म्हणून काम १.४४ पट होतं. लुकलुकीवर यापेक्षा खात्रीचा उपाय नाही, फक्त किंमत मोजावी लागते.

खाडीवारा
हिसक्यांचं मी बघतो. जनरल ऑप्शन्समध्ये डेव्हलपर्स, तिथे डेव्हलपर मोड चालू करा. वर जी पट्टी येते तिच्या ऑप्शन्समध्ये 'डिस्प्ले एफपीएस' आहे. वळताना तिथे 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' दिसलं तर दोष प्रोसेसरच्या बाजूचा, नवीन कार्ड घालूनही वळण तसंच अडखळणार. तुमच्या आकड्यांवरून मला तेच दिसतंय.

वळताना होतं काय, तर नजरेआडची जमीन सिम्युलेटरने मेमरीतून काढलेली असते आणि ती घाईने परत भरावी लागते. यासाठी 'ऑफ स्क्रीन टेरेन प्री-कॅशिंग' नावाचं सेटिंग आहे, ते अल्ट्रावर ठेवा. त्याला रॅम जास्त लागते. टेरेन एलओडी २०० वरून १०० वर आणा. १५०० फुटांवरून किनारा बघायला तेवढा पुरतो, सह्याद्रीचे लांबचे कडे थोडे बोथट दिसतील इतकंच. एआय विमानं आणि विमानतळावरच्या गाड्या शून्याजवळ. ग्लास कॉकपिट रिफ्रेश रेट, म्हणजे कॉकपिटमधल्या डिजिटल पडद्यांचा वेग, मीडियम.

रॅमची एकच पट्टी ही खरी गोम. एका पट्टीवर सिंगल चॅनल, म्हणजे प्रोसेसरला डेटा मिळायची वाट निम्मी. तशीच दुसरी १६ जीबी घ्या. बोर्डावर चार खाचा असतील तर सहसा प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी, तरी बोर्डाची पुस्तिका बघा. मग बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग, चालू करा. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर वेग २१३३ किंवा २४०० दाखवत असेल आणि पट्टी ३२०० ची असेल, तर ते चालू नाही असं समजा.

आता फ्रेम. ६० हर्ट्झवर व्ही-सिंक लावून ४५ फ्रेम आल्या तर तीन फ्रेम चार ठोक्यांत बसवाव्या लागतात: दोन फ्रेम १६.७ मिलिसेकंद, तिसरी ३३.३. सरासरी छान, डोळ्याला लंगडं. त्यापेक्षा व्ही-सिंक लावून ३० वर बांधा. प्रत्येक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद, मग देवगडपर्यंत गाडी रुळावर. मर्यादा एकाच ठिकाणी लावा. गेममध्ये ३०, पॅनलमध्ये ३० आणि वर तिसरं एखादं सॉफ्टवेअर असं केलंत की तिघं एकमेकांच्या पायात पाय घालतात.

जांभा_दगड
दोघांनी लिहिलंय त्याला जोड. मॉनिटर बदलायचाच असेल तर व्हेरिएबल रिफ्रेशवाला (फ्रेम येईल तसा ठोका बदलणारा) घ्या, ४५ चं लंगडणं तिथे उरत नाही. पण पल्ला बघून घ्या. ४८ ते १४४ हर्ट्झ असा पल्ला असेल तर ४० फ्रेमला तो प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून ८० वर चालवतो. पल्ला ४८ ते ७५ एवढाच असेल तर हे दुपटीचं गणित बसत नाही.

एक्स-प्लेन १२ या दुसऱ्या सिम्युलेटरवाल्यांसाठी: तिथे एमएसएए आणि एफएक्सएए आहे, पण एमएसएए चकाकीची लुकलुक थांबवत नाही. ४एक्सच्या वर गेलात तर कार्डावरचा भार वाढतो आणि हाती फार लागत नाही. एफएसआर (डीएलएसएससारखंच लहान चित्र मोठं करणारं) लावून रिझोल्यूशन उतरवलंत तर लुकलुक वाढणारच, वर काढलेल्या पिक्सेलच्या हिशोबानेच.

आणि पावसाळ्यात नेट जातं त्याचं. नेट तुटलं तर जमीन लुकलुकत नाही, बुळबुळीत हिरवी होते. तो वेगळा आजार. एमएसएफएस २०२० ला २० एमबीपीएस पुरेसं धरतात. मिरगाच्या आधी डेटामध्ये जाऊन मॅन्युअल कॅशमध्ये वेंगुर्ल्यापासून विजयदुर्गापर्यंतचा पट्टा आखून उतरवून ठेवा. किनाऱ्यालगतची चिंचोळी पट्टीच हाय दर्जाची घ्या, आतला भाग मीडियम, नाहीतर डिस्क भरते. रोलिंग कॅश (उडताना आपोआप साठणारा डेटा) एसएसडीवर, आणि कधी विचित्र हिसके सुरू झाले तर ती पुसून नव्याने तयार करा.

माडाखाली
देव बरे करो. शार्पनिंग शून्य, टीएए, ३० वर बांधलं. माड शांत, वळणही बरंच सुधारलं. मेनथ्रेडच दिसत होतं. रॅम मागवली. दोन शंका. डीएलएए घेऊ का? आणि मालवणसमोरचा समुद्र अजून चमचमतो.

कौलारू
डीएलएए झावळ्यांना टीएएपेक्षा सरस, कारण तिथे चित्र पूर्ण रिझोल्यूशनलाच निघतं. पण जी१००० या कॉकपिटमधल्या डिजिटल पडद्यावरचे फिरते आकडे, विशेषतः उंचीची पट्टी, मागे शेपूट सोडतात. काचेचा पडदा असलेलं विमान असेल तर टीएए, घड्याळाच्या काट्यांची जुनी १७२ असेल तर डीएलएए.

समुद्राचं म्हणाल तर आधी सिम्युलेटरमधली वेळ बघा. संध्याकाळी साडेपाचला पश्चिमेकडे तोंड केलंत तर तारकर्लीचा खरा समुद्रही चमचमतो, त्याला सेटिंग नाही. वेळ सकाळी दहाची करून बघा. तरीही पांढरे ठिपके नाचत असतील तर लाटांचं सेटिंग, म्हणजे वॉटर वेव्ह्ज, हायवरून मीडियम.

खाडीवारा
रॅम बसवताना कॅबिनेट उघडाच, तर प्रोसेसरच्या हीटसिंकच्या पात्या बघा. खाऱ्या दमट हवेत धूळ ओली होऊन चिकटते, नुसत्या फुंकरीने निघत नाही. मऊ ब्रशने काढा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोतात तो गरागरा फिरून बेअरिंग जातं. मग अर्धा तास उडवून प्रोसेसरचा क्लॉक, म्हणजे वेग, बघा. पहिल्या पाच मिनिटांत एक आणि विसाव्या मिनिटाला बराच खाली असेल, तर प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बदलायला झाली.