जिताड्याची पिल्लं गरगर फिरतायत, व्हायरस असेल का?

खारेपाटवाला:
नमस्कार मंडळी. अलिबागकडे खारेपाटात तळं आहे आमचं. जिताड्याचं बीज बाहेरच्या हॅचरीतून आणून हाप्यात, म्हणजे तळ्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या कप्प्यात सोडलंय, इंचभराची पिल्लं आहेत. दोन दिवस झाले बरीचशी काळपट पडलीत, खाद्याला तोंड लावत नाहीत, स्वतःभोवती गरगर फिरतात आणि मधेच पोट वर करून पडतात, मेली म्हणून उचलायला जावं तर सुसाट पळतात! सकाळी हाप्याच्या तळाला मेलेल्यांचा थर. ऑक्सिजन, खारटपणा दोन्ही बरोबर आहे. दुकानदार म्हणतोय खाद्यातून अँटिबायोटिक दे. देऊ का?

फिशरीजवाली:
दादा, अँटिबायोटिक अजिबात नको. लक्षणं व्हीएनएनची वाटतात, म्हणजे व्हायरल नर्व्हस नेक्रोसिस. बीटानोडाव्हायरस मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात शिरतो, तिथल्या पेशी मरून बारीक बारीक पोकळ्या पडतात, म्हणून तोल जातो, दिसेनासं होतं. पोट वर होतं ते बऱ्याचदा हवेची पिशवी फुगल्यामुळे. अळी अवस्थेत तर कधी कधी अख्खी टाकी साफ होते. यावर औषध नाही.

पण नुसतं बघून खात्री देता येत नाही, स्ट्रेप्टोकोकस नावाच्या बॅक्टेरियानेही मासे असेच फिरतात, तिथे डोळे बाहेर आलेले दिसतात. म्हणून आधी तपासणी. वर्सोव्याच्या सीआयएफईला, म्हणजे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेला फोन करून विचारा सँपल कसं पाठवायचं ते. मेलेली, कुजलेली नकोत, गरगरणारी ताजी पिल्लं घ्या, काही १० टक्के फॉर्मेलिनमध्ये आणि काही शुद्ध अल्कोहोलमध्ये. फॉर्मेलिनमधली मेंदू-डोळ्याचे काप बघायला लागतात, अल्कोहोलमधली आरटी-पीसीआरला. ‘रिपोर्ट फिश डिसीज’ ॲपवर पण नोंद करा, सरकारचंच आहे.

पिंजरेवाला_देवगड:
ताई बरोबर सांगतायत. भाऊ, रिपोर्ट येईपर्यंत त्या हाप्यातलं एकही पिल्लू दुसऱ्या तळ्यात टाकू नका, जाळी, बादल्या वेगळ्या ठेवा, पाणी खाडीत सोडू नका आणि मेलेली रोज काढून चुना टाकून पुरा. या व्हायरसला बाहेरचं चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे चिवट असतो, जाळी नुसती उन्हात वाळवून भागत नाही, ब्लीचिंगमध्ये बुडवायलाच हवी. आणि खाडीची कच्ची मासळी चिरून घालत असाल तर आधी ती बंद करा, त्यातनं पण येतो.

खारेपाटवाला:
मनापासून आभार. कच्ची मासळी आजच बंद करतो. जी जगतील त्यांचं काय करायचं? आणि लस असते म्हणे?

फिशरीजवाली:
जगलेली वरून ठणठणीत दिसतात पण व्हायरस अंगात राहू शकतो. वाढवून विकायला हरकत नाही, माणसाला हा होत नाही. पण त्यांचं बीज काढायला कुणाला देऊ नका, नर-मादीकडून अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. लस आहे, चेन्नईच्या सीबाने, म्हणजे निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीवर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेने ‘नोडाव्हॅक-आर’ तयार केलीय, पण ती लागण व्हायच्या आधी द्यायची असते, या बॅचला उपयोग नाही.

खरी काळजी बीज घेतानाच घ्यायची. त्या बॅचचा व्हीएनएनचा आरटी-पीसीआर रिपोर्ट मागा. आपले लोक बीजाचा भाव तासभर घासतात आणि रिपोर्ट कुणीच मागत नाही, याचं फार वाईट वाटतं हो. हॅचरीवाल्याने टाळाटाळ केली तर बीज उचलूच नका.

पिंजरेवाला_देवगड:
आणि भाऊ, ज्यांनी त्याच खेपेचं बीज घेतलंय त्यांना आजच फोन करा.