टीबी जगात खरंच कमी होतोय का? पेपरातले आकडे काही जुळेनात

वस्त्रनगरीची_सून
नमस्कार मंडळी. आमच्या धाकट्या दिरांना टीबी निघाला. यंत्रमागावर रात्रपाळी, खोकला दिवाळीपासूनचा. सगळे म्हणायचे, कापसाची तूस छातीत गेलीय, जाईल. शेवटी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली. औषधं लगेच सुरू झाली, रोज तीन गोळ्या, फुकट. लघवी लाल व्हायला लागली तेव्हा घरात नुसती रडारड. आशाताईंनी येऊन सांगितलं की तो गोळीचा रंग आहे, घाबरू नका.

तेव्हापासून टीबीची बातमी दिसली की मी वाचते, आणि गोंधळ वाढतोच आहे. 2024 मध्ये जगात 83 लाख नवे रुग्ण नोंदले गेले, आजवर एवढी नोंद झाली नव्हती, असं वर छापतात. खाली लिहितात, आजार कमी होतोय. यातलं खरं काय? आणि 2025 पर्यंत भारत टीबीमुक्त होणार होता ना?

कोकणी_खडूस
2025 गेलं, टीबी आहे तिथेच आहे. आता 2030 ची पाटी रंगवायला घेतील.

लाल_काडी
खडूसराव, तारीख हुकली हे कबूल. पण 'आहे तिथेच' हे काही खरं नाही.

ताई, 83 लाख हे सापडलेले रुग्ण. आजारी पडले असतील असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे 1 कोटी 7 लाखांचा. मधले 24 लाख कुठल्याच रजिस्टरात नाहीत. कुणी मेडिकलवरून खोकल्याची बाटली घेऊन दिवस ढकलतोय, कुणी खासगीत औषध घेतोय पण नोंद नाही, कुणी निदान न होताच गेला. कोविडच्या साली हा फरक 40 लाखांच्या वर गेला होता. 2019 ची 71 लाखांची नोंद 2020 मध्ये 58 लाखांवर आली. रोग काही पळाला नव्हता, आम्ही सगळे कोविडचे स्वॅब घेत बसलो होतो. त्यामुळे नोंद वाढली की मला तरी बरं वाटतं.

मी ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन होतो, आता निवृत्त. सकाळचा बेडका आणा म्हटलं की निम्मे लोक लाळ आणायचे. त्यांना परत पाठवायचं, दीर्घ श्वास घेऊन खोकायला शिकवायचं. मग काचपट्टीवर पसरायचं, वर कार्बोल फुक्सिन ओतायचं, खालून ज्योत धरायची. वाफ निघाली पाहिजे पण उकळी येता कामा नये. मग आम्लाने धुवायचं, शेवटी मिथिलीन ब्लू. निळ्यात लाल काड्या, म्हणजे टीबीचे जंतू, दिसल्या की पॉझिटिव्ह. सूक्ष्मदर्शकाखाली पट्टीच्या शंभर जागा (फील्ड) पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही असा नियम. दुपारी चार वाजता, ट्रे भरलेला असताना, तो कोण किती पाळायचं हे मला विचारू नका. आणि पाळला तरी काय? एक मिलिलिटर बेडक्यात पाच-दहा हजार जंतू असल्याशिवाय काडी दिसतच नाही. लहान मुलं, एचआयव्हीचे पेशंट, सुरुवातीच्या अवस्थेतले, सगळे निसटायचे.

मग सीबीनॅट हे तपासणीचं यंत्र आलं. दोन तासांत टीबी आहे का ते सांगतं, वर रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का तेही. पण त्याला वीज आणि थंड खोली पाहिजे, आमच्याकडे दोन्हीची बोंब. ट्रूनॅट हे तसंच दुसरं यंत्र बॅटरीवर चालतं, आणि ते आपल्या गोव्याच्या मोलबायो कंपनीचं. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली. सापडणारे वाढले त्यात या यंत्रांचा मोठा वाटा आहे.

आता घट. भारतात 2015 मध्ये लाख लोकांमागे वर्षाला 237 जण आजारी पडायचे, 2024 मध्ये 187. म्हणजे 21 टक्के कमी. जगाची याच काळातली घट 12 टक्के. जगापेक्षा आपण बरे, पण 2025 पर्यंतचं आपण बोललो होतो 80 टक्के! जगातला दर चौथा रुग्ण आजही भारतातला. 2024 मध्ये जगभरात 12 लाख 30 हजार माणसं टीबीने गेली, तीही ज्या रोगावर सत्तर-ऐंशी वर्षं औषध आहे त्याने. उलट आफ्रिकेकडे बघा: 2015 पासून मृत्यू 46 टक्क्यांनी उतरले. एचआयव्हीवाल्यांना टीबी लवकर गाठतो; त्यांची औषधं गावोगावी पोचली, त्याचा तिथे फार उपयोग झाला. आफ्रिका म्हटलं की नाकं मुरडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

ठाणेकर_एमडीआर
काकांनी औषधांचं फारसं लिहिलं नाही म्हणून थोडी भर. मला 2013 मध्ये एमडीआर, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी झाला. रोज कनामायसिनचं इंजेक्शन, महिनोन्महिने. कमरेत सुई टोचायला जागा उरली नव्हती. उजव्या कानात अजून शिट्टी वाजते. सगळा कोर्स दोन वर्षांचा, आणि तेव्हा जगात माझ्यासारखे जेमतेम निम्मेच बरे व्हायचे. आता चार औषधांचा बीपाल्म कोर्स सहा महिन्यांचा, नुसत्या गोळ्या. भारताने 2024 मध्ये त्याला मंजुरी दिली.

त्यातल्या बेडाक्विलिनवरची मक्तेदारी आणखी लांबवायला जॉन्सन अँड जॉन्सनने इथे पेटंटचा अर्ज केला होता. तो मार्च 2023 मध्ये फेटाळला गेला. हरकत घेणाऱ्या दोघी म्हणजे मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघींची श्रवणशक्ती टीबीच्या उपचारांतच गेली होती. मला ती बातमी आईने वाचून दाखवली, दोनदा.

वस्त्रनगरीची_सून
काका, आता कुठे उलगडा झाला. ठाणेकर, तुमचं वाचून दिरांच्या तीन गोळ्यांचं काहीच वाटेनासं झालं.
अजून एक विचारू? सासूबाईंनी त्यांची ताट-वाटी वेगळी काढलीय. घरात त्यांची चार वर्षांची मुलगी आहे. आणि दिरांचं वजन 44 किलो, अंगाला काही लागतच नाही.

लाल_काडी
ताट-वाटी परत मांडणीवर ठेवा. टीबी भांड्यातून येत नाही, हवेतून येतो. खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल, बस. मद्रासला 1956 पासून एक मोठा प्रयोग झाला होता. काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले, काही गरीब वस्तीतल्या आपापल्या घरीच, औषधं तीच. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात लागण जास्त झाली नाही, कारण औषध सुरू झालं की जंतू भराभर कमी होतात. सॅनेटोरियमं ओस पडायला सुरुवात झाली ती तिथून. सासूबाईंना हे सांगाच.

पण मुलीचं मात्र टाळू नका. याच आठवड्यात तिला दवाखान्यात न्या. टीबी नाही असं ठरलं की तिला प्रतिबंधक औषध देतात. तुमची मोठ्यांचीही तपासणी करतील.

वजनाचं म्हणाल तर माझ्या मते आपलं घोडं तिथेच अडलंय. झारखंडात रॅशन्स नावाचा अभ्यास झाला, 2023 मध्ये छापून आला. 2,800 रुग्णांच्या घरातली दहा हजारांवर माणसं त्यात होती. निम्म्या घरांत रुग्णाबरोबर घरच्यांनाही तांदूळ आणि डाळ दिली. त्या घरांत फुफ्फुसाचा टीबी 48 टक्क्यांनी कमी झाला. नवी लस नाही, नवी गोळी नाही, नुसता शिधा! 80 टक्क्यांच्या घोषणा करणाऱ्यांनी हा कागद टेबलावर काचेखाली ठेवायला हवा.

दिरांना निक्षय पोषण या टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी योजनेचे महिना 1000 रुपये मिळायला हवेत, नोव्हेंबर 2024 पासून 500 चे 1000 झालेत. बँक खातं जोडलंय का बघा.

कोकणी_खडूस
आणि ते पैसे वेळेवर येतात?

लाल_काडी
नेहमी नाही. दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात, कधी खात्याचा नंबर चुकलेला असतो. ताई, निक्षय आयडी, म्हणजे दिरांचा सरकारी नोंदणी क्रमांक, कागदावर लिहून जवळ ठेवा आणि तुमच्या भागातले टीबी सुपरवायझर आहेत, त्यांचा फोन नंबर घ्या. तोवर भुईमुगाच्या शेंगा, अंडी, जे परवडेल ते चालू करा.