विद्यापीठाकडून फुटबॉल खेळलेल्याला नौदलात अधिकारी होताना प्रमाणपत्राचा उपयोग होतो का?

महालकर: भाचा नागपूर विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळला. मेकॅनिकलचं सहावं सेमिस्टर, ६४ टक्के. नौदलात अधिकारी व्हायचंय. प्रमाणपत्राचे गुण मिळतील का? तळपाय सपाट आहेत, त्यावरून बाद करतील का?

सीडीएस_मार्गदर्शक: खेळाडू कोट्याच्या ज्या जाहिराती लोक व्हॉट्सॲपवर फिरवतात, ती नौसैनिकांची, म्हणजे अधिकाऱ्यांच्या खालच्या पदांची भरती असते. प्रशिक्षण ओडिशात, आयएनएस चिल्काला. अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण केरळात एझिमलाला होतं आणि तिथे नेणारे रस्ते वेगळे. इंजिनिअर आहे तर दोन्ही धरा. शॉर्ट सर्व्हिसला (ठराविक वर्षांची अधिकारीपदाची नोकरी) पाचव्या सेमिस्टरपर्यंतच्या गुणांवरून एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखतीचं, बोलावणं येतं, ६० टक्क्यांची अट तो पार करतो. दुसरा रस्ता सीडीएस, म्हणजे यूपीएससीची लेखी परीक्षा आणि मग एसएसबी: इंग्रजी, सामान्य ज्ञान, गणित, प्रत्येकी १०० गुण. प्रमाणपत्राचे वेगळे गुण या दोन्ही रस्त्यांत नाहीत, पण एसएसबीत भरायच्या माहितीच्या फॉर्ममध्ये खेळ लिहावा. मुलाखतीत त्यावर खोदून विचारतात, म्हणून न खेळलेला सामना लिहू नये.

हाडांचा_फिजिओ: तळपायाचं आधी बघा भाऊ. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसत असेल, पाय लवचिक असेल, दुखत नसेल आणि चवड्यांवर नीट धावता येत असेल तर चालतं. कमान उमटलीच नाही तर अवघड. फुटबॉलवाल्यांची खरी भीती गुडघ्याची. आतलं लिगामेंट किंवा गादी बिघडलेली असेल तर वैद्यकीय तपासणीत बाद होतात. गुडघा लचकला किंवा अडकला तर पट्टी बांधून पुढचा सामना खेळायचा नाही. जुना मार असेल तर अर्ज करण्याआधीच अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा.

महालकर: मार नाही. चवड्यावर कमान दिसते. एसएसबीत खेळाचा फायदा?

एसएसबी_वाचक: दम असतो, पण चुकाही खेळाडूच्याच होतात. ग्रुप टास्कमध्ये, म्हणजे गटाने सामान घेऊन अडथळे पार करताना, चार फुटांपेक्षा जास्त अंतर उडी मारून ओलांडता येत नाही, फळी टाकूनच जावं लागतं. अडथळ्याच्या पांढऱ्या रंगवलेल्या भागाला माणूस आणि सामान दोन्ही लागलेलं चालतं, पिवळ्याला फक्त माणूस, लाल कुणालाच नाही. चपळ पोरं सवयीने उडी मारतात आणि त्यांना तो टप्पा पुन्हा करायला मागे पाठवतात. वैयक्तिक अडथळे दहा, वेळ तीन मिनिटं, प्रत्येक अडथळ्याला १ ते १० यांपैकी ठरलेले गुण. तिथे दोरावर खेळाडू अडकतात, कारण पाय तयार असतात पण खांदे नाहीत. आजपासून रोज पुलअप्स, आणि आठ सलग येईपर्यंत सोडू नका. पुढे प्रशिक्षणाला लागणारं २.४ किमी धावणं तो १५ मिनिटांत सहज काढेल. पोहणं मात्र आताच शिकवा, जलतरण तलावात. किमान २५ मीटर सलग यायलाच हवं.

सीडीएस_मार्गदर्शक: सीडीएस लेखी पास झाला की नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची तयारी मोफत होते, राहणं-जेवणासकट. नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात निकाल घेऊन जा, पुढचं ते सांगतात.